डफडं शेकताना

२० मार्च, गुरुवार

बारावीचे पेपर तपासतो आहे. एका उत्तरपत्रिकेवर तेलाचा डाग आहे, अंगठ्याएवढा. परीक्षेच्या वर्गात तेल कुठून आलं असेल याचा विचार करत बसलो. शेवटी डागावर कोरा कागद ठेवून बाकीचं तपासलं.

दुपारी गावच्या ग्रुपवर यात्रेचं पत्रक आलं. वर देव, खाली हात जोडलेले केशवशेठ, भोवती पासपोर्टच्या आकाराचे बेचाळीस शुभेच्छुक. केशवशेठ यात्रा कमिटीचे अध्यक्ष. एरवी आंदर मावळातल्या डोंगरांचे प्लॉट पाडून विकतात. बारा एप्रिलला पालखी. तेराला सकाळी बैलगाडा, दुपारी कुस्त्या, आणि संध्याकाळी सातला, जिथे दरवर्षी तमाशा असतो तिथे, ‘सुप्रसिद्ध रॉक बँड पडझड’. फोटो भलत्याच कुठल्या तरी बँडचा आहे. सगळ्यांचे केस सोनेरी.

तीनदा वाचलं.

पडझड मी पहिल्यांदा ऐकलं ते पुण्यात, कॉलेजच्या पहिल्या वर्षी, होस्टेलमागच्या मैदानात. अठ्ठ्याण्णव साल. तोवर मी वर्गात मागच्या बाकावर बसायचो, आणि कुणी आडनाव विचारलं की गावाचं नाव सांगायचो. बँडचा गायक आदिनाथ उघड्या अंगावर गिटार लटकवून उभा होता.

वाकलास तिथेच रस्ता संपतो,
मान वर कर, घाट सुरू होतो.

दुसऱ्या दिवशी मी पुढच्या बाकावर बसलो. हे इतकं सरळ घडलं नसेल, पण मला असंच आठवतं.

बायकोला, चंद्रिकाला, पत्रक दाखवलं.

“तुम्ही जाणार?”

“आपल्या गावात आहे.”

“तुमच्या घरातलं कुणी यात्रेला जात नाही.”

खरं आहे. छप्पन्नच्या आधी पालखीपुढे डफडं वाजवायचं काम आमच्या घराकडे होतं. काम, मान नव्हे. पायरीच्या खाली उभं राहून वाजवायचं आणि उरलेलं पदरात घ्यायचं. दीक्षा घेतल्यानंतरच्या पहिल्या यात्रेला आज्याने, दत्तोबाने, डफडं पुलावरून नदीत फेकलं. तेव्हापासून आमच्यातलं कुणी यात्रेत पाय ठेवत नाही. आता कुणी अडवत नाही. आम्हीच जात नाही. आबा, माझे वडील, एक्याऐंशीचे आहेत, गावात एकटे राहतात. पालखीच्या आदल्या दिवशी ते एस.टी.ने निघतात आणि इथे बेगडेवाडीला आमच्या फ्लॅटवर येऊन राहतात. चौदाला जयंतीसाठी परत जातात. मधले दिवस त्यांना त्या आवाजात राहायचं नसतं.

२३ मार्च, रविवार

आदिनाथला इन्स्टाग्रामवर लिहिलं. पाच वेळा खोडलं. मैदान, पुढचा बाक, सगळं लिहिलं. मग आज्याची गोष्ट लिहिली: पूल, वाहतं पाणी, गोल फिरत दूर जाणारं डफडं. ती चांगली जमली.

पाठवल्यावर चंद्रिकाला वाचून दाखवलं. ती कपडे घडी घालत होती.

“तिथे तेव्हा पूल होता का हो? तो तर तुम्ही शाळेत असताना झाला ना?”

“लाकडी साकव असेल.”

“असेल,” ती म्हणाली.

२६ मार्च, बुधवार

स्टाफरूममध्ये डबा खात असताना फोन आला. समोर अतुल सर शेवग्याची शेंग दातांनी ओढत होते. चोथ्याचा ढीग डब्याच्या झाकणावर जमला होता. मी फोन घेऊन बाहेर आलो.

“राजेंद्र? पडझडचा आदिनाथ बोलतोय.”

तो अकरा मिनिटं बोलला. गाण्यातला आवाज आणि फोनवरचा आवाज एकच आहे, याचं मला नवल वाटलं.

“यार, काय स्टोरी आहे. मी पोरांना वाचून दाखवली. तुझे वडील आहेत ना अजून?”

“आहेत.”

“वाजवतात?”

“हो,” मी म्हणालो.

का म्हणालो ते कळत नाही. आबा जेवण झाल्यावर कधीकधी ताटाच्या कडेवर बोटं वाजवतात. मला माहीत आहे ते एवढंच.

“मग ऐक. जयंतीची आदली संध्याकाळ. अडुसष्ट वर्षांनी तुमच्या घराचं डफडं गावात परत येतंय. म्हातारा एकटा वाजवतो, सगळं शांत, आणि मग मी ‘मान वर’ उचलतो. विचार कर.”

विचार केला. मला ते दिसलं. स्टेजवर आबा, शेजारी आदिनाथ, आणि थोडा बाजूला मी.

परत आलो तेव्हा अतुल सरांनी झाकण पुसून त्यात ताक ओतलं होतं.

३ एप्रिल, गुरुवार

लोणावळ्याला गेलो. आदिनाथ केशवशेठच्या बंगल्यावर उतरला आहे. पोहण्याच्या तलावात पाय सोडून मक्याची भजी खात होता. पंचावन्नचा झाला आहे. केस काळे केलेले, मुळाशी पांढरी रेघ. पोट मांडीवर टेकलेलं. पायाच्या अंगठ्याचं नख पिवळं आणि जाड, पाण्याखाली ते आणखी मोठं दिसत होतं. पाण्यावर तेलाचा तवंग, त्यात मक्याचे दाणे.

“बस ना. सोड पाय.”

मी खुर्चीवर बसलो.

“खरं सांगू, तुझ्यासारखे पन्नासेक जण उरलेत आमचे,” तो म्हणाला. “बाकीच्यांना आता मातीतलं पाहिजे. केशवशेठलाही तेच पाहिजे. प्लॉट विकायचा तर नुसता डोंगर दाखवून चालत नाही म्हणतो, संस्कृती दाखवावी लागते.” तो हसला. “माणूस वाईट नाही. बिल वेळेवर देतो.”

मग तो ओल्या पायांनी आत गेला आणि डफडं घेऊन आला. लाकडी कडं, हातभर रुंद, वर कातडं.

“फायबरचं नाही, बरं का. आजकाल सगळे फायबरचं वाजवतात. मी म्हटलं, नाही, खरं कातडं. वास घे.”

त्याने ते माझ्या नाकाला लावलं. मी वास घेतला. “वा,” म्हणालो.

“चार-आठ दिवस बाबांकडे राहू दे. हात बसू दे त्यांचा.”

येताना लोकलमध्ये पिशवी वरच्या फळीवर ठेवली. कामशेतला चढलेल्या एका बाईने नाकाला पदर लावला आणि इकडेतिकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो, पिशवी माझी नसल्यासारखा. उतरताना सगळे उतरेपर्यंत थांबलो आणि मग ती घेतली.

घरी आल्यावर दोनदा साबणाने हात धुतले, मग जंतुनाशकाने, जेवणाआधी पुन्हा. लहानपणी वस्तीला असा वास असायचा. त्या वासात आम्ही जेवायचो. हे आठवून घास फिरला आणि मी ताट सरकवलं. पिशवीला दोन गाठी मारून ती बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या मागे ठेवली.

“आबांना सांगितलंत?” चंद्रिकाने विचारलं.

“सांगतो.”

“सांगू नका. विचारा.”

७ एप्रिल, सोमवार

आबांना फोन केला.

“यात्रेत तुमचा सत्कार करायचा म्हणतायत. रविवारी.”

“माजा? कशापायी?”

“ज्येष्ठ नागरिक म्हणून.”

“गावात माज्यापरीस म्हातारे धा जन हायेत. कोन करनार सत्कार?”

“पुण्याचे एक गायक आहेत.”

“तुजा तो टेपवाला व्हय?”

“हो.”

मागे कोंबडं ओरडत होतं.

“बगू,” ते म्हणाले.

खोटं मी फक्त कारणाबद्दल बोललो. सत्कार तर आहेच.

११ एप्रिल, शुक्रवार

आबा आले. धोतर, टोपी, पिशवीत आमच्यासाठी इंद्रायणी तांदूळ. वडगावला एस.टी.त कुणी तरी शेजारी बसून मावा थुंकत होतं, त्याचे शिंतोडे धोतरावर. ते त्यांना दिसलेही नव्हते. मला मात्र त्यांच्याकडे बघवेना, धोतर आधी धुवायला टाकायला लावलं.

संध्याकाळी ते नेहमीसारखे खुर्ची घेऊन बाल्कनीत बसले. माझ्या मनात पिशवी होती, पण ती मशीनच्या मागे आहे आणि वर मी जुनी चादर टाकली आहे. उदबत्तीही लावली होती. खूप वेळ बसले. अंधार पडला तरी दिवा लावू दिला नाही.

आत आल्यावर म्हणाले, “येतो मी परवा. यात्रंला.”

मला वाटलं होतं तासभर समजवावं लागेल. वयाने माणूस मऊ होतो.

“आनि काय सांगायचं न्हाई ना?” त्यांनी विचारलं.

“नाही. काय?”

“न्हाई, म्हनलं इचारावं.”

१२ एप्रिल, शनिवार

आबा जेवताना म्हणाले, “उंद्या काय घालू?”

“पांढरा सदरा आहे ना, तोच.”

“आनि तितं करायचं काय मला?”

“काही नाही. उभं राहायचं.”

“नुसतं हुबं?”

“हो.”

चंद्रिकाने भाताचं पातेलं आदळल्यासारखं ठेवलं. उद्या ती येत नाही. मला बघायचं नाही, म्हणाली. आदिनाथच्या माणसाने डफडं दुपारीच येऊन नेलं. आबा तेव्हा झोपले होते.

आबांना शेवटी काय आवडेल, हे त्यांना स्वतःला आधी माहीत असेलच असं नाही. निकालाचा कागद हातात पडेपर्यंत विद्यार्थ्यांनाही आपण पास होऊ असं वाटत नसतं.

१३ एप्रिल, रविवार

जसं झालं तसं लिहितो.

साडेसहाला पोचलो. गाडी अर्धा किलोमीटर अलीकडे लावावी लागली. धूळ, गुलाल, डिझेल. कुस्तीच्या आखाड्यामागे बायकांसाठी कापडी आडोसा केला होता, आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला पुरुष रांगेने मुतत होते. टँकरखाली चिखल झाला होता. त्यात पत्रावळी, उसाचा चोथा, आणि चपला हातात घेऊन चालणारी माणसं. उसाच्या रसाच्या गाड्यावर माशा इतक्या होत्या की चाक काळं वाटत होतं. आबा माझ्या पुढे चालत होते. काठी टेकत, कुणाला धक्का न लागू देता. वाटेत दोघातिघांनी ओळखलं.

“धोंडिबा भाऊ? तुमी? हितं?”

“पोरानं आनलं,” आबा म्हणाले.

स्टेजच्या डाव्या बाजूला पडझडचे लोक होते. पुण्याहून आलेले, तीसेक, सगळे माझ्या वयाचे. काळे टी-शर्ट पोटावर ताणलेले. एकाने माझा हात धरून विचारलं, “नव्वदच्या दशकातले?” मी हो म्हणालो. त्याच्या तोंडाला दारूचा वास होता. त्याने मला मिठी मारली. घामाने त्याचा शर्ट गार लागला.

सात वाजता सत्कार सुरू झाले. पन्नास मिनिटं. शाल, नारळ, शाल, नारळ. मागच्या पडद्यावर केशवशेठ, आठ फुटांचा चेहरा, प्रत्येक वेळी हसण्याआधी जीभ ओठांवरून फिरवताना दिसत होते.

मग धूर सोडला आणि आदिनाथ आला. फेटा बांधून, कपाळभर गुलाल. पहिलं गाणं म्हणून त्याने गावच्या देवाची आरती इलेक्ट्रिक गिटारवर घेतली. लोक उठून उभे राहिले. दोन म्हाताऱ्यांनी वहाणा काढल्या. गिटारवाला डोळे मिटून मान हलवत होता आणि पुढच्या रांगेतली एक बाई त्याच्याकडे बघून हात जोडत होती. काळ्या टी-शर्टांमधलं कुणीच कुणाकडे बघत नव्हतं.

दुसऱ्या गाण्याला मागून ओरडा आला, “डीजे लावा.” तिसऱ्या गाण्यात, कडव्याच्या मधोमध, कमिटीच्या माणसाने चिठ्ठी वर दिली. आदिनाथने हाताने ड्रम थांबवले आणि वाचली. उपसरपंचांच्या नातवाचा पहिला वाढदिवस. मग तेच कडवं पुन्हा पहिल्यापासून. हे गाणं मी होस्टेलच्या गच्चीवर रडत ऐकलं आहे.

मी निघून जायला हवं होतं. मी थांबलो, कारण पुढे आमची वेळ होती.

“आता,” आदिनाथ माईकवर म्हणाला, “एक गोष्ट सांगतो.” पूल, नदी, गोल फिरत जाणारं डफडं. माझी वाक्यं, जशीच्या तशी. गर्दी पहिल्यांदा गप्प झाली. आमच्या वस्तीतले पाचसहा जण, आबा आल्याचं कळून आलेले, कडेला उभे होते. त्यांच्यातल्या प्रदीपने, माझ्या चुलतभावाने, माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली.

“अडुसष्ट वर्षांनी, आबा, या.”

आबा पायऱ्या चढले. मी मागून. आदिनाथने वाकून त्यांच्या पायाला हात लावला. तो वाकलेला पडद्यावर मोठा दिसला, पाठीवरून सदरा वर सरकलेला. मग त्याने डफडं पुढे केलं. टाळ्या झाल्या. आबांनी ते घेतलं.

त्यांनी अंगठा कातड्यावरून फिरवला. बोटाने एकदा टिचकी मारली. माईकमधून आवाज आला, ओल्या पुठ्ठ्यासारखा.

“थंड हाय,” आबा म्हणाले. “शेकाया पायजे. जाळ कुटं हाय?”

गर्दी हसली, मग टाळ्या. आदिनाथ खुश झाला. “बघा, याला म्हणतात जाणकार. कॅमेरा, आबांबरोबर जा. आबा, निवांत शेका, आम्ही आहोत.” त्याने मागे खूण केली आणि बेसवाल्याने एकच सूर लावून धरला.

आबा खाली उतरले. लोकांनी वाट केली. समोरच जिलेबीवाल्याचं पाल होतं, लाकडाची भट्टी, निखारे पांढरे पडलेले. आबांनी त्याला काहीतरी विचारलं. त्याने कढई बाजूला घेतली.

मी त्यांच्या शेजारी उभा होतो. आबा उकिडवे बसले. डफडं जाळावर तिरकं धरलं, फिरवलं, पुन्हा धरलं. हे हात मी कधी पाहिले नव्हते. बोट मारलं. आता आवाज टणक आला, लांब जाणारा. पडद्यावर त्यांची बोटं दिसत होती, प्रत्येक नख दिसत होतं. लोक ठेक्यात टाळ्या वाजवायला लागले.

“झालं आबा, चला,” मी म्हणालो.

त्यांनी डफडं काढलं नाही.

“आबा, तापलं.”

त्यांनी ते खाली नेलं. निखाऱ्याच्या अगदी वर. कातडं आधी पिवळं झालं, मग कडेने तपकिरी. केस जळल्याचा वास आला. मी हात पुढे केला. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि बाजूला केलं. डोळे डफड्यावरच.

फुटलं तेव्हा आवाज फक्त आम्हा तिघांना आला. बेसखाली तो दबला. पडद्यावर मात्र दिसलं: मधोमध चीर, चिरेचं भोक, कातडं आक्रसून कडेला गेलं आणि कड्यातून पलीकडचा जिलेबीवाला दिसायला लागला, त्याचा बनियन, गळ्यातला ताईत. टाळ्या थोडा वेळ चालू राहिल्या, मग तुटक झाल्या.

आबा उठले. गुडघ्याला हात लावून, सावकाश. कडं माझ्या हातात दिलं.

“ज्याचं हाय त्याला दे.”

माईकवर आदिनाथ म्हणाला, “चालेल. चालेल आबा. भावना पोचल्या.” आणि लगेच ‘मान वर’ सुरू केलं.

मी कडं धरून उभा होतो. काळे टी-शर्ट हात वर करून उड्या मारत होते. गुलाल, धूर, थुंकी, जळक्या कातड्याचा वास, सगळं एकत्र घशात आलं. हे गाणं आता किळसवाणं आहे, असं मी मनात स्पष्ट म्हणालो. आणि मग माझ्या लक्षात आलं की माझे ओठ हलताहेत. पहिलं कडवं संपून दुसरं लागलं होतं आणि मी शब्द चुकत नव्हतो. आबा माझ्या तोंडाकडे बघत होते.

“चल,” ते म्हणाले. “थांब जरा.” वळून त्यांनी पाव किलो जिलेबी घेतली. जिलेबीवाला पैसे घेईना. त्यांनी त्याच्या परातीजवळ ठेवले.

गाडीत कागद उघडून ते जिलेबी खात बसले.

“ह्या यात्रंची जिलबी कदी खाल्ली न्हवती,” ते म्हणाले. “बरी हाय. घे.”

मला घेता आली नाही. हातांना वास होता.

१४ एप्रिल, सोमवार

सकाळी आबांना जयंतीसाठी गावात सोडायला गेलो. वडगाव मागे पडलं. मग ते म्हणाले,

“नदीत फेकलं म्हून कुनी सांगितलं तुला?”

मला आठवेना. आजी असेल म्हटलं. मग आठवलं, कॉलेजच्या अंकात मी एक लेख लिहिला होता. पूल तिथेच पहिल्यांदा आला असावा.

“पूल कुटला रं तवा? यात्रंच्या सांजंला बा म्हनला, धोंड्या, डफडं शेक. माजं कामच ते. मी पेंढा पेटवला. पाटलाचा मानूस बोलवाया आलता, दारात हुबा. तापलं म्हून मी काडाया लागलो, तर बा म्हनला, ऱ्हाऊ दे. म्हनलं, बा, फुटंल. म्हनला, ऱ्हाऊ दे. त्या मानसाच्या डोळ्याम्होरं फुटू दिलं. मग त्याला म्हनला, फुटलं बग. आता काय वाजवू?”

“मग?”

“मग काय. फुडच्या साली गावानं नवं दिलं. ते बानं घेतलंच न्हाई. बा लय हुशार न्हवता. पर त्या दिशी मला चार येळा ऱ्हाऊ दे म्हनला. माजा हात भाजला तरी म्हनला.” त्यांनी उजवा तळवा पुढे केला. बोटांच्या मुळाशी एक चकाकणारी पट्टी आहे. मी ती लहानपणापासून बघत आलो आहे. विळ्याची असेल असं समजत होतो.

वस्तीच्या कमानीला निळे झेंडे लावले होते. मी गाडी थांबवली. ते उतरले नाहीत.

“बाल्कनीत वास आलता मला,” आबा म्हणाले. “पैल्याच दिशी. इतकी उदबत्ती जाळलीस, पर तो वास जात न्हाई. दोन दिस वाट बगितली. म्हनलं, सांगशील.”

“मग आलात कशाला?”

“तू बोलावलं म्हून.”

दार लावून ते कमानीतून आत गेले. काठी घ्यायची विसरले. मी हाक मारली नाही, प्रदीप येऊन घेऊन गेला.

१९ एप्रिल, शनिवार

चार दिवस काही लिहिलं नाही.

आदिनाथने व्हिडिओ टाकला आहे. आबा उकिडवे बसलेले, मंद गतीत, निखाऱ्याचा उजेड चेहऱ्यावर. खाली लिहिलं आहे, ‘परंपरेची ऊब’. कातडं पिवळं व्हायच्या आधी कापला आहे. त्यानंतर थेट ‘मान वर’. सव्वा लाख लोकांनी पाहिला. एका बाईने लिहिलं आहे, या हातांना वंदन. कॉलेजात अतुल सरांनी माझा हात दाबला आणि म्हणाले, भाग्यवान आहात. त्यांच्या बोटांना लोणच्याचं तेल होतं.

संध्याकाळी आदिनाथचा संदेश आला. “मे महिन्यात लोणावळ्यात रिसॉर्टवर शो आहे. आबांना आणशील? नुसते बसले, शेकलं, तरी पुरे. वाजवायची गरज नाही. नवं मागवतो.”

मी लिहिलं, “विचारतो.” पाठवलं.

लिहिताना काहीच वाटलं नाही. पाठवल्यावर तो शब्द पडद्यावर दिसला. पुसला. पण त्याने पाहिला होता.

“काय पुसलंस?” त्याने विचारलं.

बाल्कनीत गेलो. कडं तिथेच आहे, मशीनच्या मागे. ज्याचं त्याला दिलेलं नाही. कडेला जळकं कातडं चिकटलेलं आहे. हातात घेतलं आणि खुर्चीवर बसलो. चंद्रिका दारात आली, बघून परत गेली.

मग आबांना फोन लावला.

“आबा, एक सांगायचं होतं.”

“सांग.”

मला सुरुवात कळेना. जे सांगायचं ते त्यांना माहीत आहे असं म्हणालो.

“मला म्हाईत हाय ते माज्यापाशी हाय,” आबा म्हणाले. “तू सांग. पैल्यापास्नं.”

मी आत जाऊन ही वही आणली. फोन मांडीवर ठेवून वीस मार्चपासून वाचायला लागलो. तेलाचा डाग, पत्रक, पूल. शेवग्याच्या शेंगेला ते हसले. तीन एप्रिलचं पान आलं. लोणावळा वाचलं, लोकल वाचली. बाईने नाकाला पदर लावला तिथवर वाचलं. खालचं वाक्य दिसत होतं: ‘पिशवी माझी नसल्यासारखा’. मी थांबलो.

अंगठा त्या ओळीवर होता.

“वाच,” आबा म्हणाले.